सबस्टेशनचा सातबारा कोणाकडे आहे?

(पोस्ट मोठी आहे. पण विजेचं बिल भरणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे, म्हणून वेळ काढून वाचा ही विनंती.)

९ फेब्रुवारी २०२२, बुधवार. पुणे परिसरात पहाटे दाट धुकं होतं. साडेचार ते सहाच्या दरम्यान लोणीकंद आणि चाकणच्या ४०० केव्ही वाहिन्यांवर पाच ठिकाणी ट्रिपिंग झालं. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातला मोठा भाग सकाळी अंधारातच उठला. अधिकृत कारण सांगितलं गेलं ते धुकं आणि दव.

टपरीवर मात्र एकच सूर होता. ‘धुक्याने कुठे लाईट जाते होय? यांचं नेहमीचंच आहे.’

तर मंडळी, धुक्याने लाईट जाते. टॉवरवर तारा ज्या तबकड्यांच्या माळेला टांगलेल्या असतात, त्या तबकड्यांवर वर्षभर धूळ आणि धूर बसतो. त्यावर दव पडलं की त्या ओल्या थरातून वीज टॉवरकडे सरपटते आणि एका क्षणी मोठी ठिणगी उडते. त्या ठिणगीला पोसत राहिलं तर तार जळेल, ट्रान्सफॉर्मर जाईल. म्हणून लाईन ताबडतोब तोडावी लागते. हे तोडणं म्हणजे ट्रिपिंग. ते करतो ब्रेकर, आणि ब्रेकरला हुकूम देतो रिले. लाईन ट्रिप झाली याचा अर्थ अनेकदा इतकाच असतो, की राखणदार जागा होता.

किती जागा असावा? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार ७६५ आणि ४०० केव्हीवरचा दोष १०० मिलिसेकंदांत तुटला पाहिजे. २२० आणि १३२ केव्हीला १६० मिलिसेकंदांची सवलत आहे. १०० मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहावा भाग. एवढ्या वेळात दोष ओळखायचा, तो आपल्याच लाईनवर आहे हे ठरवायचं, पलीकडच्या टोकाला कळवायचं आणि प्रत्यक्ष ब्रेकर उघडायचा.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, इंजिनियर नाही. शिरूर भागात बातमीदारी करतो आणि शिक्रापूर, लोणीकंद, वाघोली या रस्त्याने पुण्याला ये-जा करतो. रस्त्यालगतचे टॉवर रोज दिसतात. त्या निमित्ताने गेली काही वर्षं या विषयावर वाचतोय, रिटायर झालेल्या साहेबांना आणि ऑपरेटरांना प्रश्न विचारून त्रास देतोय. त्यातून हाती लागली ती या राखणदारांच्या भाषेची गोष्ट. ते एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, ती भाषा कोणी ठरवली आणि तिची वही आज कोणाच्या ताब्यात आहे, हे मांडायचा हा प्रयत्न.

सुरुवात आपल्याच डोंगरातून करू. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरी १९२२ मध्ये, भिरा १९२७ मध्ये. भिऱ्याला पाणी देणारं धरण मुळशीचं. त्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट हे नाव पुण्याला त्या लढ्यातून मिळालं. पाणी पुणे जिल्ह्याचं, जमीन मावळची, वीज मुंबईला. वीज दूरवर नेण्याचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची या भांडणाचा इतिहास आपल्याकडे इतका जुना आहे.

त्या काळातला रिले मुका होता. जुन्या वीजमीटरमध्ये फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते? पुष्कळसे रिले त्याच तत्त्वावर चालायचे. करंट वाढला की चकती फिरायची, संपर्क जुळायचा, ब्रेकर उघडायचा आणि रिलेच्या काचेमागे एक छोटा फ्लॅग पडायचा. पुढचं काम ऑपरेटरचं. कोणता फ्लॅग पडला ते बघायचं, घड्याळ बघायचं, लॉगबुकात लिहायचं, वरच्या ऑफिसला फोन करायचा.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. दोन वर्षांनी कोयनेची वीज सुरू झाली. लाईनी लांब होत गेल्या आणि एक अडचण ठळक झाली. ती नीट समजली की पुढचं सगळं सोपं आहे.

समजा ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन सबस्टेशनं आहेत, मध्ये १०० किलोमीटरची लाईन. दोष किती लांब आहे हे रिले व्होल्टेज आणि करंटवरून ओळखतो. पण मोजमापात थोडा फरक पडणारच. म्हणून ‘अ’च्या रिलेला सांगितलेलं असतं, की ८० किलोमीटरपर्यंत दोष दिसला तर क्षणात तोड, त्यापुढे दिसला तर थोडं थांब. कारण तो ‘ब’च्या अलीकडे आहे की पलीकडच्या दुसऱ्याच लाईनवर, याची खात्री नसते. आता दोष ९० किलोमीटरवर झाला. ‘ब’ला तो दहाच किलोमीटरवर दिसतो, तो लगेच तोडतो. ‘अ’ मात्र थांबतो. हे थांबणं सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असतं, आणि तेवढा वेळ ‘अ’कडून ठिणगीला वीज मिळतच राहते. १०० मिलिसेकंदांचं गणित तिथेच कोलमडतं.

यावर उपाय एकच. ‘ब’ने ‘अ’ला सांगायचं, ‘मी पाहिलंय, आपल्याच लाईनवर आहे, तूही तोड.’

हा निरोप न्यायचा कशावरून? त्या काळात टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता. मग ज्या लाईनवरून वीज जाते, तिच्यावरूनच उच्च वारंवारितेचा संदेश पाठवायची पद्धत रुळली. सबस्टेशनच्या तोंडाशी लाईनवर ड्रमसारखं एक वेटोळं टांगलेलं दिसतं. तो वेव्ह ट्रॅप. संदेशाला पुढे यार्डात जाऊ न देता कॅरियर यंत्रणेकडे वळवणं हे त्याचं काम. ऑपरेटर मंडळी याच वाटेवरून फोनवर बोलायची. ‘कॅरियरवर घे’ हे वाक्य जुन्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतं. राखणदारांची पहिली भाषा ही अशी एका शब्दाची होती: ‘तोड’.

सबस्टेशनच्या आतही वेगळी स्थिती नव्हती. यार्डातून कंट्रोल रूमपर्यंत तांब्याच्या तारांच्या जुड्याच्या जुड्या. ब्रेकर उघडा आहे, एक तार. गॅसचा दाब कमी झाला, दुसरी तार. एक वाक्य, एक तार. एखादी तार मधेच तुटली तर ती तुटली आहे हे सांगणारं कोणी नाही. निरोप द्यायची वेळ आल्यावरच कळायचं.

मग संगणक आला. अमेरिकेतल्या जॉर्ज रॉकफेलर या इंजिनियरने १९६९ मध्ये, संपूर्ण सबस्टेशनचं संरक्षण एका डिजिटल संगणकाने करता येईल असं मांडणारा लेख प्रसिद्ध केला. तेव्हाच्या संगणकाचा आकार आणि किंमत पाहता ते स्वप्नच होतं. पण त्या वाटेवर पुढे ज्यांनी मोठं काम केलं त्यात एक नाव आहे अरुण फडके. खरगपूरच्या आयआयटीचे १९५९ चे पदवीधर. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केली, तिथल्या मोठ्या वीजकंपनीत संगणकीय रिलेवर काम केलं, नंतर व्हर्जिनिया टेकमध्ये प्राध्यापक झाले. १९८८ मध्ये तिथे त्यांच्या गटाने फेझर मोजणारं पहिलं यंत्र तयार केलं. दोन दूरच्या गावांतल्या विजेच्या लाटा उपग्रहाच्या घड्याळावर जुळवून एकाच क्षणी मोजायच्या, अशी ती कल्पना. त्यासाठी फडके आणि जेम्स थॉर्प यांना २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आज देशभरच्या सबस्टेशनांत ही यंत्रं बसली आहेत.

दरम्यान १९८४ मध्ये एडमंड श्वाइट्झर यांच्या कंपनीने डिजिटल रिले बाजारात आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चकतीचे रिले मागे पडत गेले. नवा रिले नुसता तोडत नव्हता. दोष किती किलोमीटरवर, किती करंट, कोणत्या फेजवर, त्याआधीच्या आणि नंतरच्या लाटांची नोंद, सगळं त्याच्या पोटात साठत होतं. आता त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ऐकणाऱ्याला समजेल अशी भाषा?

इथे घोळ सुरू झाला. प्रत्येक कंपनीने आपली भाषा काढली. कारखान्यांसाठी १९७९ मध्ये निघालेली मॉडबस कोणी वापरली. कॅनडात १९९३ मध्ये डीएनपी-३ तयार झाली. जर्मनीतल्या वीजकंपन्यांनी कारखानदारांना एकत्र बसवून एक समान बोली ठरवली, तीच १९९७ मध्ये आयईसी १०३ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. पण त्यातही खासगी शब्द घालायला मोकळीक होती आणि कंपन्यांनी ती पुरेपूर वापरली.

आपल्याकडे याचा अर्थ काय झाला? सरकारी खरेदी एल-वनवर चालते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर. पहिल्या टप्प्यात एका कंपनीचे रिले, पाच वर्षांनी नवीन बे वाढवला तेव्हा दुसरीचे, ट्रान्सफॉर्मर बदलला तेव्हा तिसरीचे. तिघांच्या तीन भाषा. मग मध्ये दुभाषे बसवायचे, त्यांना प्रोटोकॉल कन्व्हर्टर म्हणतात. दुभाषा बिघडला की सगळे मुके. आणि जुन्या यंत्रणेत एक रिले वाढवायचा म्हटलं की मूळ कंपनीशिवाय पर्याय नाही. मग ती सांगेल तो भाव. एका निवृत्त साहेबांनी मला सांगितलं, “पहिल्यांदा ते स्वस्तात देतात. लग्न लागल्यावर खर्च कळतो.”

ही डोकेदुखी जगभर सारखीच होती. अमेरिकेत वीजकंपन्यांच्या संशोधन संस्थेने, एप्रीने, यूसीए नावाची एक समान रचना उभी करायला घेतली होती. युरोपात आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची, म्हणजे आयईसीची, समिती स्वतंत्रपणे तेच करत होती. १९९७ मध्ये दोघांनी ठरवलं की दोन मानकं करण्यात अर्थ नाही, एकच करू. त्यातून २००३ ते २००५ या काळात दहा भागांचं मानक प्रसिद्ध झालं: आयईसी ६१८५०.

नाव रुक्ष आहे. पण त्यात केलेल्या तीन गोष्टी सामान्य माणसाला सहज कळतील अशा आहेत.

पहिली, नावं ठरवली. ब्रेकर म्हणजे एक्ससीबीआर. अंतरावरून दोष ओळखणारं संरक्षण म्हणजे पीडीआयएस. मोजमाप म्हणजे एमएमएक्सयू. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, ब्रेकरला ब्रेकरच म्हणायचं.

दुसरी, दवंडी. याला ते गूस संदेश म्हणतात. पूर्वी गावात दवंडी पिटणारा प्रत्येक घरात जाऊन ‘ऐकलंत का’ असं विचारत नसे. चौकाचौकांत ओरडायचा, ज्याचा संबंध त्याने ऐकायचं. गूस तसंच आहे. रिले नेटवर्कवर ओरडतो, ‘मी तोडलं.’ पोच मागत बसत नाही. तोच निरोप आधी भराभर आणि मग सावकाश पुन्हा पुन्हा देत राहतो. सगळं ठीक असतानाही ठरावीक वेळाने ‘सगळं ठीक आहे’ अशी दवंडी चालूच असते. ती थांबली की ऐकणाऱ्यांना कळतं, काहीतरी बिनसलंय. तांब्याची तार मुकाट तुटायची, ही दवंडी मुकाट बंद पडू शकत नाही. सर्वांत तातडीच्या निरोपाला वेळ दिलाय सुमारे ३ मिलिसेकंदांचा.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. संपूर्ण सबस्टेशनचं वर्णन एका फाईलमध्ये लिहायचं, आणि तेही ठरलेल्या पद्धतीने. तिला एससीडी फाईल म्हणतात. कोणती लाईन कुठे आहे, तिच्यावर कोणता रिले आहे, तो कोणाला दवंडी देतो, कोण त्याचं ऐकतं, सगळं तिच्यात. आपल्या भाषेत हा सबस्टेशनचा सातबारा. जमीन डोळ्यांना दिसते, पण कोणाचा हिस्सा किती, वाट कुठून, विहिरीत कोणाचा वाटा, हे सातबाऱ्यावरूनच कळतं. तसंच यार्ड कुंपणाबाहेरूनही दिसतं, पण कोणाच्या सांगण्यावरून कोण उघडतं हे फक्त या फाईलमध्ये असतं.

२००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मानकावरचं पहिलं सबस्टेशन सुरू झालं. त्यानंतर भारतातही ते आलं, आणि आता मोठ्या सबस्टेशनांच्या निविदांमध्ये आयईसी ६१८५० ही नेहमीची अट असते.

प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. भाषा एक झाली तरी बोलणारे वेगळेच राहिले. नागपूरचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस दोघे मराठीच बोलतात, तरी पहिल्या भेटीत दोन-चार शब्द पुन्हा विचारावे लागतात. मानकात ‘हे ऐच्छिक आहे’ असं म्हटलेल्या जागा पुष्कळ होत्या आणि प्रत्येक कंपनीने त्या आपापल्या परीने भरल्या. २०१२ मध्ये युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेने जाहीर निवेदनच काढलं, की वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं अजून सहज जुळत नाहीत. युरोपच्या बड्या कंपन्यांना हे जाणवत असेल, तर एल-वनवर चालणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा अंदाज बांधता येईल.

त्याच वर्षी भारताला दुसरा धडा मिळाला. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तेच, आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग गेले. ६० कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश. पश्चिम विभाग, म्हणजे आपण, बहुतांशी वाचलो.

चौकशी समितीच्या अहवालात एक बारीक पण भयंकर गोष्ट आहे. त्या लाईनवर दोष नव्हताच. तिच्यावर भार इतका होता आणि व्होल्टेज इतकं खाली गेलं होतं, की रिलेला ते लांबच्या दोषासारखं दिसलं. त्याला शिकवलं होतं तसं त्याने तोडलं. यंत्र बिघडलं नव्हतं, निरोपही चुकला नव्हता. भार आणि दोष यांतला फरक त्याच्या सेटिंगमध्ये नीट घातलेला नव्हता. भाषा कितीही शुद्ध असली तरी त्या भाषेत काय सांगायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. समितीने देशभर संरक्षण यंत्रणांचं ऑडिट करायला सांगितलं, ते याचसाठी.

आणि पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली. दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जुळला आणि संपूर्ण देश एका ग्रिडवर, एका फ्रिक्वेन्सीवर आला. ती गाठ आपल्या सोलापुरात बांधली गेली याचा अभिमान वाटतो. पण एकत्र कुटुंबात एकाच्या आजारपणाची झळ सगळ्यांना लागते, हेही खरं.

आता १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळी दहाची वेळ. मुंबई थांबली. लोकल जागच्या जागी उभ्या. ४०० केव्हीच्या पडघे-कळवा आणि पुणे-खारघर वाहिन्या त्या दिवशी एकामागून एक बाद होत गेल्या होत्या. ग्रिड कोसळलं तरी मुंबईला अलग करून स्वतःच्या विजेवर जिवंत ठेवण्यासाठी असलेली आयलँडिंग व्यवस्था त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेतली, चौकश्या झाल्या. मार्च २०२१ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या अहवालावरून बातमी आली, की भारतीय वीजयंत्रणेत चिनी हॅकरांचा शिरकाव झाला होता. तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री म्हणाले, घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. दोन्ही विधानं जाहीर आहेत. ज्याला त्याला आपल्या पक्षाप्रमाणे त्यातलं एक निवडता आलं आणि चर्चा तिथेच संपली.

हॅकिंगची भीती मात्र काल्पनिक नाही. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला हल्लेखोरांनी दूरवरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. १७ डिसेंबर २०१६ ला किव्हजवळच्या सबस्टेशनवर जो हल्ला झाला, त्यातल्या घातक प्रोग्रॅमला सबस्टेशनच्या भाषा शिकवलेल्या होत्या. त्यात आयईसी ६१८५० होती. समान भाषा ठेवली की शत्रूलाही ती शिकता येते. गूसच्या मूळ रचनेत दवंडी देणारा खरा की तोतया हे तपासायची सोय नव्हती. ढोल ज्याच्या हातात, त्याचं ऐकायचं. सुरक्षेसाठी आयईसी ६२३५१ हे वेगळं मानक पुढे आलं.

म्हणून परत प्रत्येक कंपनीच्या गुप्त भाषेकडे जायचं का? नाही. गुप्त भाषेने आपल्याला सुरक्षित ठेवलं नव्हतं, फक्त कंपनीचं मिंधं ठेवलं होतं. मोकळं मानक हवंच. पण मोकळ्या मानकाचा फायदा कोणाला मिळतो, हे त्या सातबाऱ्यावर अवलंबून आहे.

सबस्टेशन उभारणारा ठेकेदार काम संपवून जातो. जाताना एससीडी फाईल, रिलेची सेटिंग, पासवर्ड, नेटवर्कचा नकाशा, हे सगळं सरकारी कंपनीच्या हाती देऊन जातो का? दिलं, तर पाच वर्षांनी कोणीही पात्र कंपनी येऊन नवीन बे जोडू शकते आणि निविदेत खरी स्पर्धा होते. ती फाईल फक्त ठेकेदाराच्या इंजिनियरच्या लॅपटॉपवर राहिली, किंवा हस्तांतरानंतर जागेवर बदल झाले आणि फाईलमध्ये नोंदवलेच नाहीत, तर मानकाचा उपयोग शून्य. कागदावर आयईसी ६१८५०, प्रत्यक्षात पूर्वीचंच लग्न. सातबारा सावकाराच्या पेटीत असेल तर जमीन कोणाची, हे या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.

ही फाईल वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचं. नागपूरच्या पैठणकर आणि भिडे यांचं संरक्षणावरचं पुस्तक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चांगलं ठाऊक आहे. ज्ञान आहे. फाईल ज्ञानाच्या टेबलावर पोचते का, एवढाच प्रश्न.

आता कोणी म्हणेल, हे इंजिनियरांचं काम, पत्रकाराने आणि ग्राहकाने यात नाक का खुपसावं? त्याला पुण्यानेच उत्तर दिलेलं आहे. नव्वदच्या दशकात एनरॉनचा दाभोळ करार आला, तेव्हाही हेच ऐकवलं होतं, की हे तज्ज्ञांचं गणित आहे. पुण्यातल्या ‘प्रयास’ने तो करार वाचला, आकडे मांडले आणि लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. दरवाढीच्या जाहीर सुनावणीत सामान्य ग्राहक उभा राहून प्रश्न विचारू शकतो ही सोय आज आहे. ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झालं, महापारेषण वेगळी कंपनी झाली, पण तिचा खर्च शेवटी तुमच्या-माझ्या बिलातच येतो. रिले आपल्या पैशाचा आहे, तसा सातबाराही आपल्याच पैशाचा.

म्हणून पुढच्या सुनावणीत, माहिती अधिकारात किंवा आमदाराच्या दारात विचारायचे माझे चार प्रश्न लिहून ठेवतो. कोणीही उचलावेत.

१. पुणे परिमंडळातल्या ४०० आणि २२० केव्ही सबस्टेशनांच्या एससीडी फाईली महापारेषणच्या स्वतःच्या ताब्यात आहेत का, आणि शेवटच्या बदलासह अद्ययावत आहेत का?

२. रिलेच्या सेटिंगचं ऑडिट शेवटचं कधी झालं, आणि त्यात सुचवलेल्या किती दुरुस्त्या पूर्ण झाल्या?

३. मोठ्या ट्रिपिंगनंतर रिलेच्या नोंदींवर आधारित अहवाल ठरावीक दिवसांत लोकांसाठी का प्रसिद्ध होऊ नये? सुरक्षेसाठी लपवायचं ते जरूर लपवा. पण काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, एवढं तरी सांगा.

४. टेस्टिंग विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि या नव्या यंत्रणेचं प्रशिक्षण किती जणांना मिळालं?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तेव्हा तपास करणाऱ्यांना आधी घड्याळं जुळवावी लागली, कारण ठिकठिकाणच्या नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळत नव्हत्या. तरीही तो अहवाल छापला गेला, जगाने वाचला, सुधारणा झाल्या. आज आपल्या रिलेत उपग्रहावरून जुळवलेल्या घड्याळाची, मिलिसेकंदाच्या हिशोबाची नोंद असते. ९ फेब्रुवारीच्या पहाटे कोणत्या तबकडीवर आधी ठिणगी पडली, कोणता रिले आधी बोलला, कोणी ऐकलं, कोणी उशिरा ऐकलं, हे सगळं रिलेच्या नोंदीत येतं. आपल्यापर्यंत मात्र दोनच शब्द पोचले: धुकं आणि दव.

पुण्याचा विस्तार वाघोलीच्या पलीकडे कधीच गेलाय. चाकण, रांजणगाव, हिंजवडी, खराडी, सगळ्यांना वीज लागते, नवी सबस्टेशनं लागणार, नव्या निविदा निघणार. प्रत्येक निविदेत ‘आयईसी ६१८५०’ हे शब्द असतील. त्याच्या खाली ‘फाईलीची मालकी कोणाची’ हे वाक्य आहे का, ते बघायचं काम आता आपल्याकडे आलंय. पारेषणमध्ये काम केलेल्या मंडळींनी खाली जरूर लिहावं. नाव द्यायचं नसेल तर मेसेज करा, नाव कुठेही येणार नाही.